पोटरीचा घेर आणि मांडीचा स्नायू: पंचवटीतील एका आजींचे प्रकरण

आषाढातल्या एका सोमवारी पंचवटीत राहणाऱ्या ७३ वर्षांच्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका मुलगा आणि सुनेबरोबर आमच्या ज्येष्ठांच्या बाह्यरुग्ण विभागात आल्या. ओळख पटू नये म्हणून येथे काही तपशील बदलले आहेत. हे लिहिण्याला त्यांची संमती आहे. केसपेपरवर तक्रार ‘गुडघेदुखी’ अशी लिहिली गेली होती, कारण या वयाच्या बाई लंगडत आत आल्या की आपल्याकडे तेच लिहिले जाते. आजींनी मात्र समोर बसल्या बसल्या ती दुरुस्त केली. “दुखणं सोसवतं हो, पण पायांत जोरच राहिला नाही. पूर्वी दर सोमवारी कपालेश्वराच्या पायऱ्या चढून जायचे. आता रामकुंडाकडूनच वर बघून हात जोडते.”

गेल्या वर्षभरात त्या एकदा न्हाणीघरात पडल्या होत्या. कुकरचे झाकण आता सूनबाई लावून देत होत्या. जमिनीवर बसून पोथी वाचण्याची सवय मोडली होती, कारण बसता येत असे, पण उठताना पलंगाची कड शोधावी लागे. मधुमेह १४ वर्षांचा, रक्तदाब त्याहून जुना. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन १० मिलिग्रॅम रोज. उजव्या गुडघ्यात झीज होती. घरच्यांना यातले काहीच फारसे काळजीचे वाटत नव्हते आणि त्याचे कारण मुलाने अगदी सरळपणे सांगितले: “वजन तर तेवढंच आहे, डॉक्टर. उलट पाय जरा भरलेत.”

या प्रकरणात आमची दिशाभूल झाली ती त्या भरलेल्या पायांमुळेच, आणि हे लिहिण्याचे निमित्तही तेच आहे.

वयानुसार स्नायू झिजतात हे कुणाला सांगावे लागत नाही, पण या झिजेला स्वतंत्र नाव मिळाले ते अलीकडेच. अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘सार्कोपेनिया’ हा शब्द मांडला. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. सुरुवातीला या शब्दात केवळ स्नायूंचे आकारमान अभिप्रेत होते. पुढे लक्षात आले की माणूस पडतो, परावलंबी होतो किंवा अंथरुणाला खिळतो ते आकारमानापेक्षा ताकद कमी झाल्यामुळे. म्हणून सार्कोपेनियासाठीच्या आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या निकषांत मुठीची पकड, चालण्याची गती आणि खुर्चीतून उठण्याचा वेळ यांना आकारमानाच्या बरोबरीने स्थान आहे. पकड पुरुषांत २८ किलोपेक्षा व स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी, सहा मीटर चालण्याची गती सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी, किंवा पाच वेळा खुर्चीतून उठण्याला १२ सेकंद अथवा त्याहून अधिक वेळ, ही त्यातील मुख्य मोजमापे.

आजींना आधी पाच प्रश्नांची प्रश्नावली विचारली. त्यातला वजन उचलण्याचा प्रश्न साडेचार किलोंचा आहे. तो तसाच विचारला तर कुणाला उमगत नाही, म्हणून आम्ही ‘पाच किलोची पिठाची पिशवी ओट्यावर ठेवता का?’ असे विचारतो. दहापैकी ६ गुण आले. ४ किंवा अधिक आले की पुढची तपासणी करायची असते. पकड उजव्या हाताची १३ किलो भरली. सहा मीटर चालायला ८.६ सेकंद लागले, म्हणजे गती सेकंदाला ०.७ मीटर.

खुर्चीची चाचणी थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आकड्यापेक्षा ती पाहण्यातच अधिक कळते. बिनहातांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि दोन्ही हात छातीवर घडी घालून उठायला सांगितले. पहिल्या दोन वेळा आजी उठल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी आधी धड मागे नेले, मग झोक्यासारखे पुढे आणले आणि त्या वेगावर उभ्या राहिल्या. चौथ्या वेळी उजवा हात छातीवरून आपोआप सुटला आणि मांडीवर टेकला. हे त्यांच्या ध्यानातही आले नाही. हात पुन्हा बांधायला सांगून चाचणी नव्याने घेतली तेव्हा १९ सेकंद लागले. इतक्यावरूनच, आशियाई निकषांनुसार ‘संभाव्य सार्कोपेनिया’ असे लिहून व्यायाम व आहार सुरू करायला हरकत नव्हती, कारण त्या टप्प्यावर उपचार सुरू करावेत असेच ते निकष सांगतात. निदान पक्के करायचे तर स्नायूंचे आकारमान पाहणे आवश्यक होते आणि अडचण तिथून सुरू झाली.

आकारमानाचा सर्वांत स्वस्त अंदाज म्हणजे पोटरीचा घेर. स्त्रियांत तो ३३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर शंका घ्यायची. आजींचा घेर ३४.५ भरला. शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून स्नायूंचा अंदाज घेणाऱ्या यंत्रावर उभे केले, तर हातापायांच्या स्नायूंचा निर्देशांक प्रति चौरस मीटर ५.९ किलो आला. या यंत्रासाठी स्त्रियांची मर्यादा ५.७ आहे. म्हणजे ताकद एक सांगत होती, टेप आणि यंत्र दुसरेच सांगत होते. उंची १५० सेंटीमीटर, वजन ६२ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स २७.६; स्थूलतेकडे झुकणाऱ्या बाईला ‘तुमचे स्नायू झिजले आहेत’ असे सांगितले तर घरच्यांना ते पटणे कठीणच. अशा वेळी मांडीची सोनोग्राफी करून पाहावी असे ठरले.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कायद्याप्रमाणे ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा फलक असतो. शिक्षिका असल्यामुळे आजींनी तो मोठ्याने वाचला आणि “मग माझ्यात काय शोधणार आहात?” असे विचारून सगळ्यांना हसवले. या फलकामागचा १९९४ चा कायदा आवश्यकच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याची एक बाजू ज्येष्ठांवर उपचार करणाऱ्यांना रोज जाणवते. नोंदणी असलेल्या जागेबाहेर यंत्र हवे तसे नेता येत नाही. त्यामुळे ‘खाटेशेजारी करता येणारी सोपी तपासणी’ म्हणून परदेशी लेखांत सोनोग्राफीचे जे कौतुक वाचायला मिळते, ते आपल्याकडे रुग्णालयाच्या खाटेपुरतेच खरे असते. मखमलाबादच्या मळ्यात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या खाटेपाशी ते यंत्र पोहोचत नाही.

पहिली सोनोग्राफी आमच्याच विभागात, पोटाच्या तपासण्यांच्या रांगेत मध्येच घुसवून झाली. मांडीच्या पुढच्या बाजूच्या स्नायूंची, म्हणजे रेक्टस फेमोरिस आणि त्याखालचा व्हास्टस इंटरमीडियस यांची एकत्रित जाडी १६ मिलिमीटर आली. ही जाडी बॉडी मास इंडेक्सने भागून येणारे ‘स्टार’ नावाचे गुणोत्तर तुर्कस्तानातील पुनर्वसनतज्ज्ञांनी सुचवले आहे आणि स्त्रियांत ते १ पेक्षा व पुरुषांत १.४ पेक्षा कमी असल्यास आकारमान घटलेले मानतात. आजींचे गुणोत्तर ०.५८ आले. आकडा आमच्या शंकेला इतका अनुकूल होता की मी तो फाईलमध्ये जवळजवळ लिहून टाकला होता.

थांबलो ते पडद्यावरचे चित्र पुन्हा पाहिल्यामुळे. चित्राची वरची कड, जिथे त्वचेची रेषा दिसते, ती बशीसारखी खाली दबलेली होती आणि प्रोब (सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग) व त्वचा यांच्यामध्ये जेलचा थर कुठेच दिसत नव्हता. पोटाच्या सोनोग्राफीत आतड्यातला वायू बाजूला सारण्यासाठी प्रोब दाबून धरणे हे कौशल्य आहे. दिवसभर चाळीस पोटे तपासलेला हात मांडीवर आला तरी तो तसाच दाबतो आणि वयस्कर माणसाचा मऊ पडलेला स्नायू त्या दाबाखाली सहज चेपला जातो. प्रोबही पोटाचाच, वक्र होता. शिवाय चित्र स्वच्छ दिसावे म्हणून गेन, म्हणजे यंत्रावरून कमी-जास्त करता येणारा चित्राचा उजळपणा, वाढवला होता, त्यामुळे स्नायू किती उजळ दिसतो यावरून त्याचा दर्जा ठरवण्याची सोयही गेली. दोष तपासणाऱ्या सहकाऱ्याचा म्हणता येणार नाही; मी चिठ्ठीवर नुसते ‘मांडीची सोनोग्राफी’ असे लिहिले होते, कशी करायची ते लिहिले नव्हते, आणि तपासणी होताना शेजारी उभा राहूनही मला काही खटकले नव्हते.

दोन दिवसांनी आजींना सकाळी, गर्दी सुरू होण्यापूर्वी बोलावले. आल्या आल्या तपासणी न करता पंधरा मिनिटे पाठीवर, गुडघे सरळ व सैल ठेवून पडून राहायला सांगितले, कारण उभे राहण्यातून आडवे झाल्यावर पायांतले पाणी हळूहळू सरकते आणि चालून आल्यावर स्नायू थोडा फुगलेलाही असतो. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून मध्यावर पेनाने खूण केली. ती वाटीपासून १९.५ सेंटीमीटरवर आली. सरळ पट्टीचा, उच्च वारंवारतेचा प्रोब घेतला आणि खुणेवर जेल इतके ओतले की सूनबाईंना ते वाया जाते आहे असे वाटले. प्रोब त्या जेलवर अक्षरशः तरंगत ठेवला. पडद्यावर वर काळी पट्टी, म्हणजे जेल. तिच्याखाली न दबलेली त्वचा, मग चरबी, मग काळसर पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके असलेला स्नायू, आणि तळाशी मांडीच्या हाडाची चकचकीत कमान. प्रोब थोडा जरी कलला तरी ती कमान पुसट होते, म्हणून ती सर्वांत ठळक दिसते तीच प्रोबची काटकोनातली जागा.

डाव्या मांडीवर तीन वेळा प्रोब उचलून, पुन्हा ठेवून मोजले: २१.३, २२ आणि २२.५ मिलिमीटर. सरासरी २१.९, गुणोत्तर ०.७९. उजवी मांडी १९.४ भरली; तो पाय दुखरा असल्याने कमी वापरला जातो आणि त्याची झीज निव्वळ वयाच्या खात्यावर टाकणे योग्य नाही, म्हणून पुढील तुलनेसाठी डावी बाजू धरली. स्नायूचा उजळपणा वाढलेला, पण हाडाची रेषा स्पष्ट, म्हणजे स्नायूचा उजळपणा मोजणाऱ्या, १९८२ पासून वापरात असलेल्या हेकमॅट श्रेणीत दुसरी पायरी. स्नायूत चरबी आणि तंतुमय ऊती शिरल्या की तो असा पांढरट दिसू लागतो; त्यामुळे नुसती जाडी मोजून थांबले तर अर्धीच गोष्ट कळते.

कुणी म्हणेल की १६ आले काय आणि २१.९ आले काय, दोन्ही गुणोत्तरे १ च्या खालीच आहेत, मग एवढा आटापिटा कशासाठी? निदानापुरते ते खरे आहे. पण समजा मी १६ हाच आकडा आरंभीचा म्हणून नोंदवला असता आणि तीन महिन्यांनी दुसऱ्या, हलक्या हाताच्या माणसाने मोजले असते, तर काहीही न करता सहा मिलिमीटर स्नायू ‘वाढला’ असता. आम्ही सगळ्यांनी आनंदाने तो व्यायामाचा परिणाम मानला असता. उलट क्रमाने झाले असते तर चांगला चाललेला उपचार निरुपयोगी ठरवून बंद केला असता. सोनोग्राफीतील चूक एकदा निदान करून मोकळे होणाऱ्याला दिसत नाही, ती पाठपुरावा करणाऱ्याला छळते. युरोपातील ज्येष्ठवैद्यक संघटनेच्या ‘सार्कस’ गटाने २०१८ मध्ये मोजण्याच्या पद्धतीचे प्रमाणीकरण मांडले ते याच चिंतेतून, आणि त्यात जाडीबरोबरच आडव्या छेदाचे क्षेत्रफळ, तंतूंचा कोन, तंतूंची लांबी व उजळपणा अशी पाच मोजमापे धरली आहेत. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात पाचही मोजणे जमत नाही. माझे मत असे की दोनच मोजावीत, पण ती प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने मोजावीत.

आता टेप का चुकला, हे शोधायचे राहिले होते. प्रोब सहज पोटरीवर ठेवला तर त्वचेखालच्या चरबीच्या गोळ्यांमध्ये काळ्या, पाण्याने भरलेल्या भेगा दिसल्या, फरसबंदीच्या दगडांमध्ये पावसाचे पाणी साचावे तशा. पोटरीवर अंगठा दाबून पाहिला तर खळगा पडला. तो आम्ही पहिल्याच दिवशी पाहायला हवा होता. घेर ३४.५ होता, पण त्यात पाण्याचा वाटा होता. विद्युतप्रवाहाचे यंत्रही पाण्याला स्नायू समजते, म्हणून तेही फसले. हृदयाची इको तपासणी, क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, अल्ब्युमिन आणि थायरॉइड यांत सूज येण्याजोगे काही निघाले नाही. राहता राहिले अम्लोडिपिन, ज्याने पायांवर सूज येणे सर्वपरिचित आहे आणि मोठ्या मात्रेत ती अधिक येते. हे औषध हळूहळू कमी करून दुसऱ्या गटातले औषध दिले आणि रक्तदाब घरी मोजून रोज लिहायला सांगितले. तीन आठवड्यांनी पोटरीचा घेर ३१.५ सेंटीमीटर झाला, वजन ६०.५ किलोवर आले. मुलगा जरा घाबरलाच. पाय ‘बारीक’ झाले ते आमच्या उपचाराने, असा त्याचा समज झाला होता. ते आधीपासूनच बारीक होते हे समजावताना पोटरीचे ते जुने चित्र उपयोगी पडले.

सूज उतरल्यावरच डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी शरीरातले स्नायू, चरबी व हाडे मोजणारी तपासणी करून घेतली, कारण तीही पाण्याला स्नायूंच्या खात्यात धरते. निर्देशांक ५.२ आला, डेक्सासाठी स्त्रियांची मर्यादा ५.४ आहे. २०१९ च्या आशियाई निकषांत आकारमानासाठी डेक्सा आणि विद्युतप्रवाहाचे यंत्र यांनाच मान्यता आहे, सोनोग्राफीला नाही. त्यामुळे कागदोपत्री ‘तीव्र सार्कोपेनिया’ हे निदान पकड, गती आणि डेक्सा यांवर उभे राहिले. डेक्सा केव्हा करावी हे मात्र सोनोग्राफीने सांगितले.

आहाराची चौकशी सूनबाईंकडून झाली, कारण आजी स्वतःच्या जेवणाबद्दल विचारले की “सगळं खाते” एवढेच सांगत. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारी एक पोळी किंवा अर्धी भाकरी, फळभाजी, पातळ वरण, रात्री भगर नाहीतर कपभर दूध. चातुर्मासात एकभुक्त. अंदाजे हिशेब केला तर दिवसाची प्रथिने ३५ ग्रॅमच्या आसपास भरत होती. निरोगी प्रौढांसाठीही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. ज्येष्ठांसाठी तज्ज्ञगट किलोमागे १ ते १.२ सांगतात आणि आजारी असल्यास त्याहून थोडी अधिक. मूत्रपिंडे चांगली असल्याने आम्ही ७० ग्रॅमच्या आसपासचे लक्ष्य ठेवले.

चातुर्मास मोडायला सांगणे हा माझा अधिकार नाही आणि सांगितले असते तरी आजींनी ऐकले नसते. एकभुक्त सोडून दोन वेळा जेवायला त्या तयार झाल्या, तेही औषध जेवणानंतर घ्यायचे असते या सबबीवर. सकाळच्या टोस्टच्या जागी मुगाचे धिरडे आणि दही आले, दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ, वरण घट्ट, रात्री दुधाबरोबर पनीर. एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दही आणि भाजलेले शेंगदाणे. दूध आणि दही मिळून दिवसाला अर्धा लिटर व्हावे असे सांगितले होते. ते बहुतेक दिवस झाले.

व्यायामाची खुर्ची घरचीच. भौतिकोपचारतज्ज्ञांनी आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून उठण्याची आवर्तने, घोट्याला वाळूची पिशवी बांधून गुडघा सरळ करणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे असा क्रम दिला. आरंभी खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच केली, म्हणजे उजव्या गुडघ्यावर ताण कमी येई. सहाव्या आठवड्यात उशी काढली. पिशवी अर्ध्या किलोपासून दीड किलोपर्यंत गेली. नुसते चालणे पुरेसे नाही, हे त्यांना पटवणे सर्वांत अवघड गेले, कारण गोदाकाठी फेरी मारली की व्यायाम झाला अशी सगळ्यांचीच समजूत असते.

कोजागरीच्या सुमारास, तीन महिन्यांनी, सर्व मोजमापे पुन्हा घेतली. पकड १५.५ किलो, चालण्याची गती सेकंदाला ०.८६ मीटर, पाच उठबशांना १४.२ सेकंद, आणि या वेळी हात छातीवरून सुटला नाही. डाव्या मांडीची जाडी, त्याच खुणेवर, त्याच प्रोबने, तीन मोजण्यांची सरासरी २२.९ मिलिमीटर. गुणोत्तर ०.७९ वरून ०.८५.

मुलाने हिशेब करून विचारले, “म्हणजे स्नायू एक मिलिमीटर वाढला ना?” मी हो म्हणालो नाही. आरंभीच्या नीट मोजणीत एकाच मांडीच्या तीन मोजण्यांत १.२ मिलिमीटरचा फरक पडला होता, तर तीन महिन्यांनंतरच्या एका मिलिमीटरला वाढ म्हणणे धाडसाचे आहे. गुणोत्तर सुधारले त्यातही काही वाटा वजन कमी झाल्याचा, म्हणजे उतरलेल्या पाण्याचा आहे. भागाकारात खालचा आकडा घटला की उत्तर वाढणारच. ताकद मात्र खरोखर वाढली आहे, आणि व्यायामाच्या सुरुवातीच्या महिन्यांत तसे होतेच, कारण आहे तोच स्नायू अधिक चांगल्या रीतीने वापरायला मज्जासंस्था आधी शिकते, स्नायू भरायला त्यानंतर वेळ लागतो. “मग ही सोनोग्राफी कशाला केली?” असे त्याने विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मी त्याला पोटरीचे दोन फोटो दाखवले, भेगांचा आणि बिनभेगांचा.

फाईलमध्ये जाडीच्या रकान्यात ‘निश्चित बदल नाही’ असे लिहिले आणि त्याखाली पुढच्या वेळेसाठी: डावी बाजू, वाटीपासून १९.५ सेंटीमीटर, सरळ प्रोब, गेन व खोली दुसऱ्या भेटीतल्या नीट चित्राप्रमाणे, पंधरा मिनिटे आडवे झाल्यावर, जेलचा काळा थर दिसल्याखेरीज फोटो घेऊ नये. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर आता हेच छापून घेतले आहे. आजींची पुढची तारीख पौषातली आहे. कपालेश्वराच्या पायऱ्या त्या कठड्याला धरून निम्म्यापर्यंत चढून आल्या, असे सूनबाई सांगत होत्या, आजींनी लगेच दुरुस्ती केली, “निम्म्याहून चार जास्त.”